आकडा स्वतःपुरता ठेवा

एनिआग्राम, म्हणजे माणसांचे नऊ स्वभावप्रकार मानून प्रत्येकाला एकेक आकडा देणारी पद्धत. तिच्यावरचा वाद इतका ठरून गेला आहे की पहिली दोन वाक्यं कानावर पडली की पुढची दहा आपणच म्हणू शकतो. एक बाजू म्हणते, हे शिकल्यासवरल्यांचं राशिभविष्य. बारा राशींच्या जागी नऊ आकडे आले, एवढंच. दुसरी बाजू म्हणते, हे हजारो वर्षांचं गुप्त ज्ञान आहे, आणि ज्याला ते पटत नाही तो बहुधा 'टाइप सिक्स' असणार, त्यांना शंका काढल्याशिवाय चैन पडत नाही. (या दुसऱ्या उत्तरातली चलाखी साधी नाही, तिच्याकडे पुढे यायचं आहे.) दोघंही भांडतात ते एकाच प्रश्नावर: माणसांचे खरोखर नऊ प्रकार असतात का? त्याचं उत्तर आजवरच्या संशोधनातून बऱ्यापैकी मिळालं आहे आणि ते एनिआग्रामच्या बाजूचं नाही. तरीही ही पद्धत फेकून द्यावी असं मला वाटत नाही. आपल्याच सवयी रंगेहाथ पकडायला, चुकीचा ठरू शकेल असा अंदाज म्हणून, हा आकडा चांगला कामाला येतो. तोच आकडा दुसऱ्याला जोखायला, निवडायला किंवा गप्प बसवायला वापरला की अपाय सुरू होतो. भांडायचंच असेल तर या हद्दीवर भांडावं.

आधी पद्धत काय सांगते ते नीट पाहू, कारण टीकाकार बहुतेक वेळा तिची पातळ केलेली आवृत्तीच झोडपत असतात. वर्तुळावर नऊ बिंदू, त्यांचे तीन गट. आठ, नऊ आणि एक हे शरीरकेंद्री. त्यांचा झगडा रागाशी. दोन, तीन, चार हे हृदयकेंद्री. त्यांना सतावते ती लाज, म्हणजे आपली किंमत काय हा प्रश्न. पाच, सहा, सात हे बुद्धिकेंद्री. त्यांच्या मुळाशी भीती. प्रत्येक गटात एक जण ती भावना उघड वापरतो, एक जण तिच्याकडे पाठ फिरवतो आणि एक जण ती वेगळ्याच वाटेला लावतो. रागाचंच घ्या: आठ तो बोलून मोकळा होतो, नऊला तो आलेला कळतच नाही, आणि एक त्याला शिस्तीचे कपडे चढवून 'मी रागावलो नाही, नियमाचं बोलतोय' म्हणतो. यावर 'विंग', म्हणजे शेजारच्या आकड्याची छटा, ताणाच्या आणि वाढीच्या रेषा, तीन सहजप्रेरणा आणि त्यांतून होणारे सत्तावीस उपप्रकार असे मजले चढत जातात. पण मुद्द्याची गोष्ट एकच: प्रकार वागण्यावरून ठरत नाही, त्या वागण्यामागच्या ओढीवरून ठरतो.

हे जवळून पाहण्यासारखं आहे. तीन माणसं रात्री उशिरापर्यंत एकच अहवाल पुन्हा पुन्हा तपासत बसली आहेत. बाहेरून तिघं सारखी. पहिल्याला चौथ्या पानावरची चुकलेली बेरीज कुणाला दिसणार नाही हे माहीत आहे, तरी ती तिथे आहे हेच त्याला सहन होत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे तो क्षण आहे, जेव्हा कुणीतरी ती बेरीज दाखवून विचारेल की हे कुणी केलं. तिसऱ्याच्या मनात उद्याचं सादरीकरण आहे. चौथं पान पडद्यावर येणारच नाही हे कळलं की तो लॅपटॉप मिटेल. पहिला एक, दुसरा सहा, तिसरा तीन. आता या तिघांना 'मी कामात काटेकोर आहे' हे वाक्य देऊन पाच पर्यायांपैकी एक निवडायला सांगा. तिघांचं उत्तर एकच येईल. शास्त्रीय पाठबळ कितीतरी अधिक असलेली पंचघटक पद्धत, म्हणजे स्वभाव पाच गुणांत मोजणारी 'बिग फाइव्ह', या जागी थांबते. काटेकोरपणा किती, हे ती चांगलं सांगते. तो कशापायी, हे विचारणं तिचं काम नाही. एनिआग्राम तेच विचारतो.

आता समर्थकांच्या दाव्यांकडे. प्राचीनतेचा दावा सोडून द्यावा, कारण त्याची गरजही नाही आणि त्याला पुरावाही नाही. नऊ बिंदूंची ती आकृती गुर्जिएफ या गूढवादी गुरूंनी १९१६च्या सुमारास रशियातल्या आपल्या शिष्यांना शिकवली. त्यांपैकी उस्पेन्स्की यांनी लिहून ठेवलेला तो वृत्तांत १९४९मध्ये छापून आला. त्यात विश्वातल्या प्रक्रियांविषयी पुष्कळ आहे, स्वभावाच्या नऊ प्रकारांविषयी काहीही नाही. आकृतीला माणसांचे स्वभाव जोडले ते बोलिव्हियात जन्मलेल्या ऑस्कर इचाझो यांनी. चिलीचे मनोविकारतज्ज्ञ क्लाउदिओ नारान्हो १९७०मध्ये चिलीतल्या आरिका गावी त्यांच्याकडे शिकले आणि पुढच्याच वर्षी बर्कलीत आपल्या गटाला शिकवू लागले. तिथून टिपणं जेझुइट पाद्र्यांच्या हाती गेली, हस्तलिखितांच्या प्रतींवर प्रती निघाल्या, आणि ऐंशीच्या दशकात पुस्तकं आली. म्हणजे आज शिकवला जाणारा स्वभावांचा एनिआग्राम पन्नास-पंचावन्न वर्षांचा आहे. त्यात वाईट काय? नवी गोष्ट खोटी असते असं कुठे आहे? पण 'सूफींची हजारो वर्षांची परंपरा' असं म्हटलं की प्रश्न विचारणाऱ्याला आधीच उद्धट ठरवता येतं. वय वाढवून सांगण्याचा उपयोग तेवढाच.

गणिताचा आधारही असाच. आकृतीतल्या आतल्या रेषा १-४-२-८-५-७ या क्रमाने जातात, कारण एकाला सातने भागलं की ०.१४२८५७ आणि पुन्हा तेच आकडे येतात. हे ऐकून पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. येऊ द्या. पण ही गंमत दहाच्या पायाने मोजण्याची आहे. आठच्या पायाने मोजणाऱ्यांना एक भागिले सात हे ०.१११ असं सरळ एकाच आकड्याने चालत राहिलेलं दिसेल आणि त्यांच्या आकृतीत ही रेषाच नसेल. ताण आला की 'एक' माणूस 'चार'सारखा वागतो आणि मोकळा झाला की 'सात'सारखा, हे निरीक्षण कुणाच्या बाबतीत खरं निघेलही. पण ते खरं ठरवायला माणसं पाहावी लागतील, भागाकार पुरणार नाही.

या सगळ्यात एक प्रसंग फार बोलका आहे. इचाझो यांच्या आरिका संस्थेने एनिआग्रामवर पुस्तक लिहिणाऱ्या हेलन पामर यांच्यावर इचाझो यांचा मजकूर उचलल्याचा दावा लावला. १९९२मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निकाल पामर यांच्या बाजूने दिला. त्यातलं एक कारण असं: इचाझो यांनी स्वतःच जगाला सांगितलं होतं की ही मानवी स्वभावाची शोधून काढलेली वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थितीवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो. हक्क सांगायचा तर 'हे मी रचलं' असं म्हणायला हवं होतं. वस्तुस्थिती खरी की खोटी, हे न्यायालयाने पाहिलं नाही, त्याला त्याची गरजही नव्हती. पण या पद्धतीच्या प्रणेत्याला 'शोधलं' आणि 'रचलं' यांतलं एक निवडणं किती महागात पडू शकतं ते तिथे दिसलं. आजचे प्रशिक्षक दोन्ही शब्द सोयीने वापरतात. प्रमाणपत्र विकताना ते विज्ञान असतं, पुरावा मागितला की ती अंतर्यात्रा होते.

टीकाकारांचं म्हणणं मात्र हलक्यात घेता येणार नाही. २०२१मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी'त एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. १०४ स्वतंत्र नमुन्यांचा विचार त्यात होता. विश्वासार्हता आणि वैधता यांचा पुरावा संमिश्र. काही उपमापनांचे पंचघटक पद्धतीशी अपेक्षित संबंध दिसले, पण घटक-विश्लेषणात, म्हणजे कोणती उत्तरं एकत्र जातात हे तपासताना, साधारणपणे नऊपेक्षा कमी घटक निघाले. विंग आणि रेषांवरून होणारी हालचाल यांना फारसा आधार सापडला नाही. माणसांचे आपोआप नऊ पुंजके पडतात का, हे तपासणारं संशोधन तोवर कुणी केलेलंच नव्हतं. मला हे पटतं, आणि ज्यांना एनिआग्राम आवडतो त्यांनी ते आधी स्वतःहून सांगावं असंही वाटतं.

चाचण्यांचं तर अंकगणितच पाहा. रिसो आणि हडसन या एनिआग्राम-शिक्षकांच्या बहुचर्चित चाचणीत वाक्यांच्या १४४ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतलं एक वाक्य निवडायचं. नऊ प्रकारांच्या छत्तीस जोड्या होतात, प्रत्येक जोडी चार वेळा समोर येते, म्हणून १४४. एका प्रकाराला जास्तीत जास्त ३२ गुण मिळू शकतात, सगळ्यांची बेरीज मात्र कायम १४४च राहते आणि सरासरी १६च. समजा एकाला २१ आले आणि सहाला २०. एक विरुद्ध सहा अशा चार प्रश्नांपैकी एखाद्या ठिकाणी तुम्ही घुटमळला होतात आणि तिथे दुसरं वाक्य निवडलं असतंत, तर एक २०वर आला असता आणि सहा २१वर. म्हणजे एका घुटमळीवर तुमची 'ओळख' फिरली. पहिल्या दोन-तीन आकड्यांत तीन-चार गुणांचं अंतर असेल तर त्या क्रमाला काही अर्थ नाही. दुसरी अडचण अधिक खोल आहे. बेरीज पक्की असल्यामुळे हे गुण तुमच्याच इतर आठ गुणांच्या तुलनेतले असतात. एका माणसाला आठवर २२ आणि दुसऱ्याला १८ मिळाले, तर पहिला दुसऱ्यापेक्षा जास्त आक्रमक आहे असं म्हणताच येत नाही. पहिला कदाचित सगळ्याच बाबतीत मवाळ असेल. अशा गुणांवर दोन उमेदवारांची तुलना करणं हे मानसशास्त्राच्या आधी बेरीज-वजाबाकीतच चुकलेलं असतं.

मग 'वर्णन वाचलं आणि हे माझंच आहे असं वाटलं' याचं काय? मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वैयक्तिक वर्णन' म्हणून तेरा वाक्यांचा कागद दिला. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन विद्यार्थ्यांनी ते अचूक असल्याचं सांगितलं. कागद सगळ्यांना एकच होता आणि वाक्यं बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातली होती. तेव्हा 'पटलं' हा पुरावा नाही. स्वतःवर एक कठोर प्रयोग करता येतो: आपल्या आकड्याचं वर्णन घ्या आणि इतर आठांपैकी कुणालाही लागू पडेल असं प्रत्येक वाक्य खोडा. 'कधी कधी आपल्याला कुणी समजून घेत नाही असं वाटतं' हे गेलं. 'आप्तांसाठी काहीही करायला तयार' हेही गेलं. दोन पानांतून पाच-सहा वाक्यं उरतात आणि ती बहुधा सगळ्यात कमी सुखावणारी असतात. काम करायचं ते त्यांच्यावर.

टीकेतला खरा जड धोंडा मात्र अजून यायचा आहे आणि गंमत म्हणजे राशिभविष्याची थट्टा करणारे तो क्वचितच उचलतात. एनिआग्राम हेतू विचारतो हे त्याचं वैशिष्ट्य, असं मी वर म्हटलं. पण माणसाला आपले हेतू कळतात का? निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७च्या प्रसिद्ध लेखात एका प्रयोगाचं वर्णन केलं आहे. टेबलावर पायमोज्यांच्या चार जोड्या मांडल्या, चारही अगदी एकसारख्या. लोकांनी सगळ्यात उजवीकडची जोडी फार मोठ्या फरकाने पसंत केली आणि कारण विचारल्यावर विणीबद्दल, पोताबद्दल सांगितलं. जागेमुळे निवडली असं कुणी म्हटलं नाही, सुचवल्यावरही जवळपास कुणीच मान्य केलं नाही. आपण कारणं आतून वाचत नाही, मागाहून रचतो. मग रोज संध्याकाळी वही उघडून 'मी असं का वागलो' लिहिणारा माणूस काय करतो? आपल्या आकड्याला शोभेल अशी कथा लिहितो. चार असेल तर विरहाची, आठ असेल तर अन्यायाची.

या आक्षेपाला मी एकच उत्तर ओळखतो: 'का' लिहायचं नाही, आणि मागाहून लिहायचं नाही. आकडा मागे वळून स्पष्टीकरण द्यायला वापरला की तो नेहमीच बरोबर येतो, म्हणून निरुपयोगी. पुढे काय होईल हे आधी लिहून ठेवायला वापरला तर तो चुकू शकतो, आणि चुकू शकतो म्हणूनच शिकवतो.

प्रत्यक्षात ते असं करता येतं. चाचणी द्यायची असेल तर द्या, पण तिच्यातून वरचे तीन आकडे एवढंच घ्या. वर सांगितलेली खोडाखोड करून तीनाचे दोन करा. मग दोन आठवडे रोज एकच प्रसंग, त्याच दिवशी, चार ओळींत: काय घडलं, म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच, शरीरात पहिल्यांदा कुठे जाणवलं, लक्ष पहिल्यांदा कशाकडे गेलं, आणि त्या क्षणी काय झालं असतं तर अगदी सहन झालं नसतं. पाचवी ओळ लिहायचा मोह होतो, ती कारणाची असते, ती लिहू नका. प्रसंग मोठाच हवा असं नाही. संदेशाला उत्तर आलं नाही, कुणी मध्येच बोलणं तोडलं, ठरलेली वेळ बदलली, हे चालतं. उलट मोठ्या भांडणांपेक्षा यांतच सवय स्वच्छ दिसते.

तिसऱ्या आठवड्यापासून अंदाज. सोमवारी त्या आठवड्यात नक्की येणार असलेल्या तीन गोष्टी निवडा आणि प्रत्येकीसाठी दोन्ही आकड्यांच्या नावाने वेगवेगळा अंदाज लिहा. इथे बहुतेकांचं चुकतं. 'मी अस्वस्थ होईन' हा अंदाज नाही, तो नऊही जणांना लागू आहे. समजा दोन आणि नऊ यांत शंका आहे; दोघंही मदतीला धावतात, हो म्हणून बसतात. या आठवड्यात कुणाचं तरी काम करून द्यायचं आहे आणि ती व्यक्ती आभार मानत नाही अशी ख्याती आहे. दोनचा अंदाज: आभार आले नाहीत हे मला त्याच दिवशी खटकेल आणि मी तिसऱ्याच कुणाला तरी सहज सांगितल्यासारखं सांगेन. नऊचा अंदाज: मला त्या दिवशी काहीच वाटणार नाही, पण पुढचं काम आलं की मी ते 'विसरेन' किंवा रेंगाळत ठेवेन. शनिवारी पडताळा. चार आठवड्यांत अंदाजांच्या अशा बारा जोड्या होतात, प्रत्येक जोडीत कुठला आकडा जिंकला ते मोजा. सात-पाच असा निकाल आला तर तुम्हाला काही सापडलेलं नाही, हे मान्य करा. दहा-दोन आला तर तो आकडा काही काळ हाताशी ठेवायला हरकत नाही. दोन्ही चुकले तर तेही मोजा. तिसरा आकडा कुठे तरी खोळंबला आहे, किंवा तुमच्या बाबतीत ही पद्धतच लागू पडत नाही, आणि हा शेवटचा पर्याय कायम खुला ठेवलाच पाहिजे.

गल्लत होणाऱ्या जोड्या साधारण ठरलेल्या आहेत. पाच आणि नऊ दोघंही गर्दीतून बाजूला होतात, पण पाचाचं डोकं एकट्यात लख्ख चालतं, नऊचं धूसर होतं. आठ आणि भीतीला सामोरा जाऊन भिडणारा सहा बाहेरून जुळे भाऊ. भांडण संपल्यावर पाहायचं, आठ झोपतो, सहा रात्रभर उलटतपासणी घेतो. एक आणि सहा यांच्यासाठी कुणी तपासणारच नाही असं काम निवडावं: एकाला तिथेही चूक सहन होत नाही, सहा सैलावतो. त्याहून मोठी गल्लत वेगळीच असते, आणि ती भोवते: स्थितीला स्वभाव समजणं. खोल नैराश्यात असलेल्या माणसाला चारचं वर्णन शब्दशः आपलं वाटतं, सतत धास्तीत जगणाऱ्याला सहाचं. नोकरीच्या जागी रोज मुखवटा चढवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला चाचणी तीन ठरवते. आयुष्य विस्कटलेलं असताना आकडा शोधू नये. झोप, भूक आणि रोजची कामं कोलमडली असतील तर उपचार हवेत, आणि 'मी चारच आहे, असंच असतं' हे वाक्य तिथे उपचार लांबवतं.

जवळच्यांना विचारावं का? विचारावं, पण आकडा विचारू नये. मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांनी २०१०मध्ये मांडलेलं प्रारूप सांगतं की आतली चिंता आपल्याला जास्त कळते, आणि ज्या गुणांत आपला अहं गुंतलेला असतो ते इतरांना जास्त नीट दिसतात. तेव्हा प्रश्न दिसणाऱ्या गोष्टीचा असावा: 'मी चुकलो असं तू सांगतेस तेव्हा माझं पहिलं वाक्य काय असतं?' याचं उत्तर ऐकणं सोपं नसतं, पण नऊ वर्णनांपेक्षा ते जास्त सांगून जातं.

आकडा टिकला तर पुढे काय? एकच सवय, एकच 'जर-तर'. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं काम या बाबतीत उपयोगी आहे: 'मी कमी टीका करेन' असा संकल्प विरतो, 'अमुक घडलं तर मी तमुक करेन' अशी आधी ठरवलेली योजना बरीच जास्त टिकते. 'माझ्या कामावर प्रश्न आला आणि जबडा आवळला, तर माझं पहिलं वाक्य प्रश्नच असेल.' इतकं बारीक. तीन आठवडे हेच. ज्यांना सत्तावीस उपप्रकार पाठ आहेत आणि अशी एकही ओळ लिहिलेली नाही, त्यांनी नवा छंद लावून घेतला आहे, एवढंच.

इथवरचं सगळं स्वतःवर चाललं होतं. आकडा दुसऱ्यावर रोखला की काय होतं, याला इतिहासात एक जवळचा दाखला आहे. एनिआग्रामच्या नऊ विकारांत ख्रिस्ती परंपरेतली सात महापापं तशीच आहेत. त्यांत कपट आणि भय ही दोन भर. त्या साताचं मूळ चौथ्या शतकातल्या इव्हाग्रिअस या साधूकडे जातं. ईजिप्तच्या वाळवंटात राहून त्याने आठ कुविचारांची यादी केली आणि एकांतात राहणाऱ्या साधूला सांगितलं: नीट पाहा, कोणता विचार जोर धरतो, कोणता ओसरतो, कोणत्या वेळी येतो, कशाच्या पाठोपाठ काय येतं. वहीच म्हणा ना. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने आठाचे सात केले. १२१५मध्ये चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पाद्रीपुढे कबुली देणं प्रत्येकाला बंधनकारक केलं, आणि मग कबुली घेणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक पुस्तकं निघाली त्यांत हीच सात पापं प्रश्नावलीसारखी मांडलेली सापडतात. यादी जवळपास तीच राहिली. बदललं ते एवढंच की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा ही दोन माणसं झाली आणि त्यांतल्या एकाच्या हाती अधिकार आला. स्वतःला पाहण्याचं साधन तपासनीसाच्या हाती जायला आठशे वर्षं लागली. कचेरीतल्या कार्यशाळेत तेवढंच अंतर अर्ध्या दिवसात कापलं जातं.

कारण तिथे घडतं ते असं. बैठक चालू आहे. एक जण म्हणतो, हे वेळापत्रक पाळलं जाणार नाही, चाचणीसाठी ठेवलेले चार दिवस कमी आहेत. प्रमुख हसून म्हणतो, 'हा तुझ्यातला सहा बोलतोय.' सगळे हसतात, तोही हसतो. चार दिवस पुरतील का, हा प्रश्न टेबलावरून नाहीसा झाला. कुणी त्याचं खंडन केलं नाही, कुणी आकडेमोड केली नाही. बोलणाऱ्याचा स्वभाव सांगितला आणि मुद्दा निकालात निघाला. सुरुवातीला ज्या चलाखीचा उल्लेख केला ती हीच. 'तू पाच आहेस म्हणून पुरावा मागतोस' असं म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही. आणि आकडा ढालीसारखाही चालतो: 'मी सात आहे, पाठपुरावा माझ्या रक्तात नाही' असं म्हटलं की अर्धवट सोडलेलं काम स्वभाववैशिष्ट्य होतं, आणि ते निस्तरणं कुणा एकाच्या किंवा दोनच्या गळ्यात पडतं.

समर्थकांचा यावरचा प्रतिवाद ऐकण्याजोगा आहे. ते म्हणतात, गैरवापर कशाचाही होतो. नीट शिकवलं तर सहकारी एकमेकांना अधिक समजून घेतात, 'ती मुद्दाम माझा अपमान करत नाही, तिचं लक्षच वेगळ्या गोष्टीकडे जातं' हे उमगतं. हे खरं आहे, आणि एवढं उमगणं लहान नाही. पण त्यासाठी आकड्याची गरज लागते का? वर ज्या चार ओळी सांगितल्या त्या दोन सहकाऱ्यांनी एकाच बैठकीनंतर वेगवेगळ्या लिहून एकमेकांना वाचून दाखवल्या तर तेच उमगतं, आणि कुणाच्याही कपाळावर काही चिकटत नाही. आकडा दिल्यावर मात्र ऐकणं थांबतं, कारण उत्तर आधीच ठाऊक आहे असं वाटू लागतं. कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारे एकोणिसाव्या शतकातले व्यावसायिकही स्वतःला माणसांचे हितचिंतकच समजत. अमेरिकेतले फाउलर बंधू गिऱ्हाइकाला गुणांचा तक्ता देत आणि कोणती वृत्ती जोपासायची, कोणती आवरायची हेही सांगत. पुष्कळांना त्याचा फायदा झाल्यासारखं वाटलं. तरी 'फायदा झाल्यासारखं वाटलं' एवढ्यावर कुणाची नोकरी ठरावी, असं आज आपण म्हणणार नाही. आणि लहान मुलांना तर आकडा अजिबात लावू नये. आठवीतल्या मुलीला 'तू नऊ आहेस, तुला भांडण आवडत नाही' असं घरातलं मोठं माणूस सांगतं तेव्हा ते वर्णन राहत नाही; ती ते पाळू लागते.

म्हणून संस्थांना सांगायचं ते थोडकं आहे. कुणाला कार्यशाळेला यायचं नसेल तर न येण्याचं कारण विचारू नये. निकाल ज्याचा त्याच्याकडे राहावा. तो मोठ्याने सांगण्याची फेरी घेऊ नये, कारण अशा फेरीत वरिष्ठांसमोर 'मी सांगत नाही' म्हणणं कुणालाच परवडत नाही. चर्चा प्रसंगांवर व्हावी. निवड, बढती, बदली आणि वार्षिक मूल्यमापन यांच्या जवळपासही हा आकडा फिरकू नये. आणि ज्या एचआर विभागांनी मागच्या कार्यशाळेनंतर कर्मचाऱ्यांच्या नोंदीत 'टाइप' असा एक रकाना उघडून ठेवला आहे, त्यांनी तो या महिन्यात पुसावा, त्याची जुनी प्रतही ठेवू नये, आणि पुसल्याचं त्या कर्मचाऱ्यांना लेखी कळवावं.